आठवा माणूस

आधी मोजून घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांचा क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या पोटाशी देतो आणि तिथे त्याचं काम संपतं. ज्याला चेंडू मिळाला तो पळणार. म्हणजे समोरच्यांना अडवायला उरले नऊ. त्यातले दोन रिसीव्हर मैदानाच्या दोन कडांना उभे असतात आणि आपापल्या कॉर्नरबॅकला तिकडेच गुंतवून ठेवतात. राहिले सात: पाच लाइनमन (मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल), लाइनच्या टोकाला एक टाइट एंड, पळणाऱ्याच्या पुढे एक फुलबॅक. आता समोरचे मोजा. अकरातून ते दोन कॉर्नरबॅक गेले, मागे राखणीला थांबलेला एक सेफ्टी गेला. राहिले आठ. या सात जणांनी त्या आठांना अडवायचं आणि पळणाऱ्याला वाटही काढून द्यायची.

चेंडू ठेवलेल्या रेषेच्या पलीकडे, दोन टोकांच्या लाइनमनच्या दरम्यान, पाच-सहा यार्ड खोल अशी एक चौकट कल्पनेने आखली तर तिला बॉक्स म्हणतात. समोरच्यांनी त्या चौकटीत आठ किंवा जास्त माणसं आणून ठेवली की बॉक्स ‘स्टॅक’ झाला. ‘तुम्ही पळणार हे आम्हाला माहीत आहे, पळून दाखवा,’ असं ते न बोलता सांगत असतात. मला या खेळात यापेक्षा जास्त रंगत कशातच वाटत नाही. लांब पास सुंदर दिसतो, कबूल. पण आठ जण अंगावर यायला टपलेले असताना चार यार्ड मिळवणं ही पाच-सहा माणसांनी मिळून सेकंदभरात केलेली रचना असते, आणि ती बघायला शिकलं की सुटत नाही.

माझं हे शिक्षण टीव्हीवर झालं नाही. ईशान्य ओहायोत, ॲक्रनच्या जवळ आम्ही राहतो. मुलगी शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, त्यामुळे शुक्रवारची रात्र मैदानावरच जाते. एका मोसमात शाळेला गोलपोस्टच्या मागून चित्रीकरण करायला पालक हवा होता. मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. एंड झोनच्या मागे एक उंच, लांबवता येणारा खांब उभा करायचा. टोकाला कॅमेरा, खाली माझ्यासमोर छोटा पडदा आणि कॅमेरा फिरवायची कळ. नोव्हेंबरात वारा सुटला की खांबाचे दोर सारखे तपासावे लागतात आणि हातमोज्यांतून बोटं बधिर होतात. तरी ती जागा मी कुणाला देणार नाही.

कारण टीव्ही हा खेळ बाजूने दाखवतो. बाजूने कळतं ते एवढंच की चेंडू किती यार्ड पुढे गेला. मागून बघितलं की फटी दिसतात. सेंटर आणि गार्ड यांच्यामधली फट म्हणजे ए गॅप, गार्ड आणि टॅकल यांच्यामधली बी, टॅकल आणि टाइट एंड यांच्यामधली सी. समोरच्या प्रत्येकाला एकेक फट नेमून दिलेली असते. बाजूने जी नुसती रेटारेटी वाटते, तिच्यात मागून बघितल्यावर कुणाचं हेल्मेट कुणाच्या आतल्या बाजूला आहे, कुणाचं पहिलं पाऊल कुठे पडलं, कोण कुठल्या फटीतून निसटला, हे सगळं स्वच्छ दिसतं.

शनिवारी सकाळी आमचे लाइन कोच पोरांना घेऊन ते चित्रीकरण बघतात. मीही कोपऱ्यात बसतो, त्यांनी कधी हरकत घेतली नाही. चित्र थांबवून ते पहिला प्रश्न नेहमी एकच विचारतात: ‘फ्री कोण?’ मोकळा कोण सुटलाय? कुणी चांगलं ढकललं, कुणी आपटलं, हे सगळं नंतर. सात जण आठांना अडवतायत म्हणजे एक सुटणारच. तो आपण ठरवून सोडला की आपल्या हातून सुटला, एवढंच त्यांना हवं असतं. गर्दीत पळण्याच्या जितक्या म्हणून पद्धती आहेत त्या सगळ्या या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत, असं माझं आता पक्कं मत झालंय.

सगळ्यात आधी सुचणारं उत्तर म्हणजे आपणही एक माणूस वाढवायचा. एक रिसीव्हर काढा, दुसरा टाइट एंड आणा. पण मग त्या रिसीव्हरसमोर उभा असलेला माणूसही मोकळा होऊन आत येतो, सातला आठ होते ते आठला नऊ होतात. शिवाय लाइनच्या टोकाला माणूस वाढला की एक फटही वाढते. याने प्रश्न सुटत नाही, नुसता जाड होतो. तरी कधीकधी तोच मार्ग घ्यावा लागतो. २०१२ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जकडे पासची दहशत नव्हती, समोरचे खुशाल बॉक्स भरत होते. एड्रियन पीटरसन त्या वर्षी २,०९७ यार्ड पळाला. एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम आठ यार्डांनी राहिला. आदल्या डिसेंबरात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता, हे लक्षात घेतलं तर तो मोसम अजूनच थोर वाटतो. त्याच्या पुढे जेरोम फेल्टन नावाचा फुलबॅक होता. तो समोरच्याला जाऊन भिडायचा आणि उरलेल्या एकाला पीटरसन स्वतः बघून घ्यायचा. असा माणूस तुमच्याकडे असेल तर गणित थोडं चुकलं तरी चालतं. शाळेच्या संघात असा पोरगा दहा वर्षांत एखादाच येतो.

बाकीच्यांनी काय करायचं? माणसं वाढवायची नाहीत, हलवायची.

‘पॉवर’ नावाचा डाव घ्या. आमच्या शाळेचं पोट यावरच भरतं. समजा उजवीकडे पळायचंय. उजवा गार्ड आणि उजवा टॅकल समोर ढकलत नाहीत. दोघे मिळून एका डिफेन्सिव्ह टॅकलवर, म्हणजे समोरच्या फळीतल्या आतल्या जाडजूड माणसावर, तिरके तुटून पडतात. बंद पडलेली जीप दोघे ढकलत असतात आणि ती हलली की एकजण हात सोडून पुढे पळतो, तसं इथे होतं: तो धिप्पाड माणूस मागे सरकायला लागला की दोघांपैकी एकजण त्याला सोडून त्या फळीच्या मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरकडे जातो. कधी सोडायचं हे कुणी ओरडून सांगत नाही, खांद्याला कळतं. फुलबॅक टोकाच्या डिफेन्सिव्ह एंडला बाहेरच्या बाजूला हाकलतो. आता एक आत दाबलेला आणि एक बाहेर ढकललेला, मधे फट. आणि त्या फटीत शिरतो डावा गार्ड. तो आपली जागा सोडून, सेंटरच्या मागून, रेषेला समांतर पळत उजवीकडे आलेला असतो. याला ‘पुल’ करणं म्हणतात. त्याने सोडलेल्या जागेत जो घुसू शकतो त्याच्यावर सेंटर उलटा वळून पडतो. डावा गार्ड वळसा घेऊन फटीतून वर निघतो, समोर दिसेल त्या लाइनबॅकरला धडकतो, आणि त्याच्या पाठीला पाठ लावल्यासारखा पळणारा येतो.

मोजा परत. एकूण सातला आठच आहेत. पण उजवीकडे, जिथे काम आहे तिथे, आपली माणसं त्यांच्याइतकी झाली. सुटलेला माणूस डावीकडे आहे, सगळ्यात लांब. त्याला सात-आठ यार्ड तिरकं धावत यावं लागतं, तोवर पळणारा फटीतून बाहेर. आठवा माणूस अडवला नाही, त्याला अंतर दिलं. म्हणून सेफ्टी ज्या बाजूला बॉक्समध्ये उतरला असेल त्याच्या उलट बाजूला पळायचं. आमचा क्वार्टरबॅक रेषेवर येऊन मोजतो, सेफ्टी उजवीकडे दिसला तर एक शब्द ओरडतो आणि अख्खा डाव आरशातल्यासारखा डावीकडे फिरतो. तो शब्द दर आठवड्याला बदलतात, म्हणून इथे लिहिला तरी चाललं असतं, पण नको.

‘काउंटर’ ही पॉवरची सख्खी बहीण. इथे एकाऐवजी दोघे पुल करतात, गार्ड आणि त्याच्या शेजारचा टॅकल. पळणारा आधी एक पाऊल चुकीच्या दिशेला टाकतो. समोरचे लाइनबॅकर त्याच्याकडे बघून एक पाऊल तिकडे सरकतात, आणि त्या एका पावलाच्या भांडवलावर हा डाव चालतो. गार्ड टोकाच्या माणसाला बाहेर हाकलतो, टॅकल फटीतून पुढे निघतो. एकशे तीस-चाळीस किलोंचा माणूस वळसा घेऊन आपल्याकडे येताना बघणं लाइनबॅकरला कसं वाटत असेल, ते खांबाखालच्या छोट्या पडद्यावरसुद्धा जाणवतं. १९८० च्या दशकात जो गिब्ज यांच्या वॉशिंग्टन संघाने हा डाव गाजवला. त्यांच्या लाइनला ‘हॉग्ज’ म्हणायचे, तिचे कोच जो ब्यूगल. गार्ड रस ग्रिम आणि टॅकल जो जेकबी या जोडीचं जुनं चित्रीकरण आमचे कोच पोरांना मोसमात एकदा तरी दाखवतात. पोरं सोळा-सतरा वर्षांची, चित्र धूसर, तरी खोली गप्प होते.

त्याच वॉशिंग्टनचा एक डाव मला सगळ्यांत जास्त आवडतो, आणि तो काउंटर नाही. ३० जानेवारी १९८३, पॅसाडीनाचं रोझ बोल, सतरावा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. मायामी १७-१३ ने पुढे. चौथ्या क्वार्टरमध्ये दहा मिनिटं उरलेली, चौथा डाऊन, म्हणजे चारपैकी शेवटचा प्रयत्न, हवा आहे एक यार्ड. अशा वेळी समोरचे सगळे रेषेवर येऊन बसतात, आणि तसे ते बसले होते. वॉशिंग्टनचा क्लिंट डिडिए चेंडू निघण्याआधी एका दिशेला चालू लागला आणि मधेच उलटा फिरला. त्याच्या मागे मागे जाणारा मायामीचा कॉर्नरबॅक डॉन मॅकनील त्या उलट्या वळणावर घसरला. उठून तो वेळेत पोचला, नाही असं नाही. पण आता तो एकटा होता आणि समोर जॉन रिगिन्स, शंभर किलोंच्या वरचा. मॅकनीलच्या हातात जर्सी आली, रिगिन्स नाही आला. ४३ यार्ड, टचडाऊन. त्या दिवशी रिगिन्स ३८ वेळा चेंडू घेऊन पळाला, १६६ यार्ड. वॉशिंग्टन २७-१७ ने जिंकलं.

लोक ही रिगिन्सच्या ताकदीची गोष्ट म्हणून सांगतात. मी ती मोजणीची गोष्ट म्हणून बघतो. त्या गर्दीत एकजण सुटणारच होता. सुटला तो कॉर्नरबॅक, म्हणजे मैदानावरच्या हलक्या माणसांपैकी एक, आणि त्याची गाठ पडली सगळ्यात जड पळणाऱ्याशी. डिफेन्सिव्ह टॅकल सुटला असता तर ती धाव रेषेवरच संपली असती.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. गेल्या मोसमात एका सामन्यात पहिल्या अर्ध्यात आमचा पॉवर अजिबात चालेना. समोरचा मधला लाइनबॅकर चेंडू निघायच्या आधीच बरोबर बाजूला सरकत होता, जणू त्याला डाव ऐकू येत होता. मध्यंतरात कोचनी टॅबलेटवर माझं चित्रीकरण मागेपुढे केलं आणि डाव्या गार्डच्या हातावर बोट ठेवलं. लाइनमन तीन टेकूंवर बसतो, दोन पाय आणि एक हात. सरळ पुढे ढकलायचं असेल तेव्हा या पोराचं सगळं वजन पुढच्या हातावर, बोटं गवतात रुतलेली. पुल करायचं असेल तेव्हा वजन टाचांवर आणि बोटं नुसती टेकलेली. त्या लाइनबॅकरला दुसरं काही बघायची गरजच नव्हती. कोच त्या पोराला रागावले नाहीत. म्हणाले, आता प्रत्येक वेळी हलकी बोटं ठेव, सरळ ढकलायचं असलं तरी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये गार्ड हलक्या बोटांनी बसला, लाइनबॅकर उजवीकडे सुटला, गार्ड जागचा हललाच नाही आणि आम्ही डावीकडून, त्याने नुकत्याच रिकाम्या केलेल्या जागेतून गेलो. अकरा यार्ड. मला वर्षभरात मिळालेला सगळ्यात मोठा आनंद, मुलीच्या क्लॅरिनेटच्या सोलोनंतरचा.

पुल करणाऱ्या गार्डचा काळ म्हणजे आपल्या गावाजवळच्या क्लीव्हलंड ब्राउन्सचा अलीकडचा काळ. जोएल बिटोनियो आणि वायट टेलर हे दोन गार्ड, मागे निक चब. २०२२ मध्ये चब १,५२५ यार्ड पळाला. त्या वर्षी संघ फार काही जिंकला नाही, पण रविवारी दुपारी मी त्या दोन गार्डांसाठी टीव्ही लावायचो.

आता उलटं बघू. गार्डला हलूच दिलं नाही तर? शिकागोचे डिफेन्सचे कोच बडी रायन यांनी तेच केलं. त्यांच्या डिफेन्सचं नाव ‘४६’. त्यात माणसं किती याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही, डग प्लँक नावाच्या सेफ्टीचा तो जर्सी क्रमांक. सेंटरच्या नाकासमोर एक, दोन्ही गार्डांच्या समोर एकेक, असे तीन जाडजूड आत, आणि बाकीचे त्यांच्याभोवती रेषेजवळ गोळा झालेले. आता दोघांनी मिळून एकाला ढकलायचं कसं? प्रत्येकाला आपापला गिऱ्हाईक आहे. गार्ड पुल करायला निघाला तर त्याच्यासमोरचा त्याच्या मागोमाग आत येतो. पॉवर मेला, काउंटर मेला. जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये शिकागोने न्यू इंग्लंडला ४६-१० असं हरवलं, आणि न्यू इंग्लंडची अख्ख्या सामन्यात पळून झालेली कमाई होती ७ यार्ड.

त्या मोसमात शिकागो एकदाच हरलं, २ डिसेंबर १९८५ ला मायामीत, ३८-२४. मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरिनोने पळण्याचा हट्ट धरलाच नाही. रिसीव्हर वाढवले, पसरवले, चेंडू झटपट वरून फेकला. बॉक्स भरला म्हणजे मागचं अंगण रिकामं, हे शाळकरी पोरालाही कळतं. पासने आठव्या माणसाला मागे न्यायचं, हे सगळ्यात साधं उत्तर आहे आणि बहुतेक वेळा तेच बरोबरही असतं. मी त्यावर जास्त लिहीत नाही, कारण ज्या संघाला पास जमतो त्याला हा प्रश्न मुळात कमी पडतो. मला रस आहे तो वारा सुटलाय, बोटं गारठलीत, सगळ्यांना माहीत आहे की चेंडू जमिनीवरूनच जाणार, अशा संध्याकाळी काय करायचं यात.

तिथे डेन्व्हरचं उत्तर येतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲलेक्स गिब्ज हे तिथले लाइन कोच. लीगमधल्या हलक्या लाइनपैकी एक त्यांच्याकडे होती. धक्क्याला धक्का देऊन ती जिंकली नसती. त्यांनी ‘आउटसाइड झोन’ पकडला. चेंडू निघाला की पाचही जण एकाच दिशेला, एकाच कोनात पाऊल टाकतात. अमुक माणूस माझा असं नाही, माझ्या पट्ट्यात जो येईल तो माझा. शेजारी-शेजारी दोघे मिळून एकाला सरकवतात आणि एकजण लाइनबॅकरकडे निसटतो. अख्खी भिंत आडवी चाललेली असते, समोरच्यांना आपली फट राखायला तिच्याबरोबर पळावंच लागतं. पळणारा बाहेरच्या टोकाकडे निघतो, दोन-तीन पावलं बघतो, आणि समोरचा कुणी जास्त धावला की एकच वळण घेऊन सरळ वर. एकच. नाचायचं नाही.

इथे आठव्या माणसाला कुणी हात लावत नाही. त्याचा वेगच त्याला पुढे घेऊन जातो, पळणारा त्याच्या पाठीमागून निघतो. आणि पलीकडच्या टोकाला जो एंड मोकळा असतो, तो मागून पकडायला का येत नाही? कारण तिकडे क्वार्टरबॅक जॉन एल्वे हातात चेंडू असल्यासारखा धावत निघालेला असतो. कधीकधी खरंच असतो. टेरेल डेव्हिस १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, थेट सहाव्या फेरीत निवडलेला खेळाडू, १९९८ मध्ये २,००८ यार्ड पळाला. त्याचा गुडघा गेल्यावर १९९९ मध्ये ओलँडिस गॅरी, २००० मध्ये माइक अँडरसन, २००२ मध्ये क्लिंटन पोर्टिस, प्रत्येकाने हजारावर यार्ड काढले. नावं बदलत गेली, वाट तीच. पळणाऱ्यांचं श्रेय मी कमी करत नाही, पण पुढच्या पाच जणांचं श्रेय त्यांना मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एल्वे नुसता चेंडू असल्याचं सोंग घेत होता. पुढच्या पिढीने तेच सोंग खरं केलं. ‘झोन रीड’मध्ये टोकाच्या डिफेन्सिव्ह एंडला मुद्दाम अडवायचंच नाही. क्वार्टरबॅक चेंडू पळणाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि त्या एंडकडे बघत राहतो. तो पळणाऱ्याकडे वळला तर चेंडू ओढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून स्वतः पळायचं. तो जागीच थांबला तर चेंडू देऊन टाकायचा. एका माणसाला कुणीही न शिवता खेळातून बाद केलं. सातला आठ होते ते इथे बरोबरीत आले, कारण क्वार्टरबॅक आता मोजणीत धरावा लागतो. १२ जानेवारी २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक कॉलिन कॅपर्निकने ग्रीन बेविरुद्ध एकट्याने १८१ यार्ड पळून काढले. क्वार्टरबॅकने एका सामन्यात इतके यार्ड त्याआधी कधी काढले नव्हते.

समोरचे गप्प बसत नाहीत, हेही सांगायला हवं. २०१८ मध्ये शॉन मॅकव्हे यांच्या लॉस एंजेलिस रॅम्सने तीन रिसीव्हर ठेवून बॉक्स हलका करून घ्यायचा आणि मग आउटसाइड झोन पळायचा, असा सपाटा लावला होता. ३ फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडचे कोच बिल बेलिचिक यांनी रेषेवरच सहा माणसं ओळीने उभी केली, मागे एकच लाइनबॅकर. आडवी चालणारी भिंत आणि तिच्यासमोर तितकीच लांब भिंत. दोघांनी मिळून एकाला सरकवायला जागाच उरली नाही. टॉड गर्ली दहा वेळा पळाला, ३५ यार्ड. रॅम्सला अख्ख्या सामन्यात तीन गुण, निकाल १३-३. अनेकांना तो सामना कंटाळवाणा वाटला. मी तो परत परत बघतो.

आणि काही दिवस असेही असतात की काहीच चालत नाही. बॅरी सँडर्स, डेट्रॉइटचा. त्याच्यासारखा निसटणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. १९९४ च्या मोसमात तो १,८८३ यार्ड पळाला, लीगमध्ये पहिला. ३१ डिसेंबरला ग्रीन बेमधल्या प्लेऑफ सामन्यात तो १३ वेळा चेंडू घेऊन निघाला आणि त्याची बेरीज झाली उणे एक. उणे एक यार्ड. आमच्या पळणाऱ्या पोराचा दिवस वाईट गेला की कोच त्याला हा आकडा सांगतात.

फट नसेलच तर? तेव्हा वेज, म्हणजे पाचर. ग्रीन बे, ३१ डिसेंबर १९६७, उणे पंचवीस सेल्सिअसच्या आसपास थंडी, मैदान गोठून दगड झालेलं. डॅलस १७-१४ ने पुढे, १६ सेकंद उरलेले, चेंडू गोलरेषेपासून जेमतेम यार्डावर. पळणाऱ्यांचे पाय घसरत होते, म्हणून ग्रीन बेचा क्वार्टरबॅक बार्ट स्टारने चेंडू स्वतःकडे ठेवायचं ठरवलं. गार्ड जेरी क्रेमर आणि सेंटर केन बोमन यांनी डॅलसच्या जेथ्रो प्यूवर मिळून हल्ला केला. आठवड्याच्या सुरुवातीला चित्रीकरण बघताना क्रेमरच्या लक्षात आलं होतं की प्यू उभा राहून खेळतो, त्याच्या खाली शिरता येईल. खाली शिरले, स्टार त्यांच्या पाठीवरून आत पडला, २१-१७. दगडासारख्या जमिनीवर एका माणसाची खोड ओळखून काढलेला तो एक यार्ड. क्रेमरला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळायला २०१८ उजाडलं. हॉल ऑफ फेम कँटनला आहे, आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास. भारतातून कुणी आलं की नायगाराआधी मी त्यांना तिथे नेतो आणि क्रेमरच्या अर्धपुतळ्यासमोर हा डाव समजावून सांगतो.

येत्या शुक्रवारी आमच्यासमोर जो संघ आहे तो आठ नाही, नऊ माणसं बॉक्समध्ये आणतो. मागे जवळजवळ कुणी नाही. पहिली फळी फुटली तर थेट टचडाऊन, नाही फुटली तर नुसती चिखलात पडापडी. त्यांचा मधला डिफेन्सिव्ह टॅकल या भागातला सगळ्यात ताकदवान पोरगा आहे, पुढच्या वर्षी मोठ्या कॉलेजात जाईल. कोचनी या आठवड्यात ‘व्हॅम’ घातलाय. त्या ताकदवान पोराला अडवायचंच नाही. त्याच्यासमोरचे सेंटर आणि गार्ड त्याला बाजूने जाऊ देऊन सरळ मागच्या दोन लाइनबॅकरांवर जातील. तो खुशीत आत येईल, आणि पलीकडून रेषेला समांतर पळत आलेला टाइट एंड त्याच्या बरगडीत बाजूने धडकेल. आमचा टाइट एंड त्याच्यापेक्षा पंचवीस किलोंनी हलका आहे, पण न बघणाऱ्या माणसाला बाजूने एक पाऊल हलवायला तेवढं पुरतं, आणि पळणाऱ्याला एक पाऊलच हवंय. सगळी भिस्त सेंटरवर आहे. त्याने चेंडू मागे देऊन, त्या पोराच्या खांद्याला खांदाही न लावता, लाइनबॅकर हलायच्या आत तिथे पोचायला हवं. सोमवारच्या सरावात तो अर्धा पाऊल उशिरा पोचत होता. बुधवारी वेळेवर पोचला.